निवड झाली, पाठवणी झाली नाही

सुलतानपूर फाटा

पुण्यात कुणाला सुलतानपूरला जाऊन आले असं सांगितलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे उत्तर प्रदेशाचा नकाशा येतो. हे सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्यातलं, लोणार तालुक्यातलं. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बस थांबते, कंडक्टर ओरडतो, आणि तुम्ही उतरेपर्यंत बस हललेलीही असते. मी तिथे गेले ती एका सत्कारासाठी. ज्या गोष्टीचा सत्कार होता, ती गोष्ट मी गावात असतानाच नाहीशी झाली. म्हणून हे लिहिते आहे.

सत्कार तेजलचा होता. तेजल आता एकोणीस वर्षांची आहे. बारा वर्षांची असताना मी तिला एका शालेय स्पर्धेत पहिल्यांदा पाहिलं. शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. पण शर्यत संपल्यावर बाकीच्या मुली काठाला लटकल्या आणि ही खोल पाण्यात मधोमध, दोन्ही हात वर करून, छातीपर्यंत पाण्याबाहेर उभी राहून प्रेक्षकांत आपल्या वडिलांना शोधत होती. हात न वापरता असं उभं राहायला मी पुण्यातल्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवते. ती हे वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीत शिकली होती. त्याच वर्षी मी तिला पुण्याला वसतिगृहात आणलं.

मी आर्टिस्टिक स्विमिंगची प्रशिक्षक आहे. संगीताच्या तालावर आठ जणी पाण्यात एकसारख्या फिरतात, डोकी खाली आणि पाय वर करतात, एकमेकींना हवेत उडवतात, तो खेळ. बहुतेकांनी तो ऑलिम्पिकच्या वेळी टीव्हीवर पाहिलेला असतो आणि हसून चॅनल बदललेलं असतं. नाकाला चिमटा, केसांना जिलेटिन, चेहऱ्यावर सतत हसू, पाण्याखाली मिनिटभर रोखलेला श्वास, आणि तळाला पाय लावायचा नाही. पाय लागला की गुण गेले.

आशियाई स्पर्धेसाठी आमच्या आठ जणींच्या संघाची निवड झाली होती आणि तेजल त्या आठांत होती. शिबिराला चार दिवस सुट्टी मिळाली. तिच्या काकांनी, बबनरावांनी, गावात सत्कार ठरवला आणि मला फोनवर दम दिला, "म्याडम, तुमी नाई आल्या त् कार्यक्रमच नाई."

तेजलबरोबर फाट्यावर उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. समोर ढोल-ताशा, गुलाल, हार घेऊन उभे असलेले पन्नासएक लोक, आणि मी एका पायात चप्पल आणि एक चप्पल हातात घेऊन उभी. गडबडीत पहिला हार माझ्याच गळ्यात पडला. तेजल इतकी हसली, की तिच्या कपाळाचं कुंकू नाकावर सांडलं. मागे तिचा वीस फुटी फ्लेक्स होता. चेहरा तिचा, अंगावरचं जॅकेट कुणा दुसऱ्या खेळाडूचं, खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत 'ऑलिम्पिक जलतरणपटू'.

"बबनराव, ऑलिम्पिक नाही हो. आशियाई स्पर्धा आहे," मी म्हटलं.

"फ्लेक्सवाल्याले मी आशियाईच सांगतलं होतं," ते म्हणाले, "तो म्हने, कोनाले समजत नाई, ऑलिम्पिक टाकतो. राहू द्या, म्याडम. आज नाई त् उद्या जाईनच ना ते."

तेजलचे वडील, रामकिसनभाऊ, या सगळ्यांच्या मागे मोटारसायकलला टेकून उभे होते. भाजीपाला पिकवणारा माणूस. वांगी, मिरची, कोबी. पहाटे तोडायची आणि मेहकरच्या बाजारात न्यायची. त्यांनी लेकीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि माझी तुटकी चप्पल माझ्या हातातून घेतली. आम्ही घरी पोचून चहा घेईपर्यंत ती शिवून आली होती.

मळ्यात

पुण्यात पाहुणा आला की आपण त्याला आधी बाथरूम कुठे आहे ते दाखवतो. इथे मला आधी विहीर दाखवली.

मळा गावापासून थोड्या अंतरावर आहे. हरभरा घाट्यांवर आलेला, बांधाला तूर, वाफ्यांत मिरचीची रोपं. विहीर जुनी, दगडी, वरच्या अंगाला चार पायऱ्या आणि मग सरळ पाणी. तेजलची आई, सुनंदाताई, मला म्हणाल्या, "इथीच शिकली ते. बाबा कमरीले दोर बांधे अन् वरतून धरून बसे. मी भाकरी थापाची सोडून तिकडंच पाहो."

आसपासच्या बायका जमल्या होत्या. त्यांना हा खेळ म्हणजे नेमकं काय ते हवं होतं. मी सांगितलं की पाण्यात पाय टेकायचा नसतो. त्यावर रामकिसनभाऊ पहिल्यांदा बोलले.

"हिरीत टेकाले हाये काय?"

सगळ्या हसल्या. मग तेजलने पंजाबी ड्रेससकट उडी मारली, खाली डोकं करून दोन्ही पाय सरळ वर काढले, आणि ते पाय गोल फिरत फिरत हळूहळू पाण्यात गेले. जराही पाणी उडालं नाही. एकीने तोंडाला पदर लावला. मी हा प्रकार हजार वेळा पाहिला असेन, निळ्या टाइल्सच्या तलावात, दिव्यांच्या उजेडात. त्या काळ्या पाण्यात ते दोन गोरेपान तळवे वर आलेले मला अजून दिसतात.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनंदाताईंनी न विचारता भाकरीवर कच्चं तेल ओतलं. आमच्याकडे अशा वेळी दही देतात. तेलाने जास्त गुण येतो, हे मी आता पुण्यात सांगत असते.

एक गोष्ट मला तिथे दिसली. पुण्यात तेजल 'मला, तुला, कशाला' असं बोलते, माझ्यापेक्षाही शुद्ध. पहिल्या वर्षी वसतिगृहात ती 'मले' म्हणाली की मुली तिची नक्कल करायच्या. एका महिन्यात तिने भाषा बदलून टाकली. मळ्यात पाय टाकताच ती आईला म्हणाली, "काऊन वं, एवढी वाळली तू?" सात वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

हिवरा आश्रम

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी आम्हांला जीपमध्ये घालून हिवरा आश्रमला नेलं. सुनंदाताईंचं ते माहेर. मेहकरच्या पुढे, मोठ्या आश्रमाभोवती वाढलेलं गाव. शाळा, वसतिगृहं, झाडी. रस्ते इतके झाडलेले, की मी कागदाचा कपटा हातात धरून अर्धा तास हिंडले. तेजलच्या मामांना आमंत्रण द्यायचं होतं. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. माणूस नेमका बोलणारा. त्यांच्या घरी पुरी आणि वांग्याची रस्साभाजी झाली. इथली वांग्याची भाजी खाल्ल्यावर आपण घरी जे करतो त्याला दुसरं काहीतरी नाव द्यावं असं वाटतं.

जेवण झाल्यावर मामांनी मला समोर बसवलं.

"म्याडम, हे निवड कशी होते ते मले नीट सांगा. बबन सांगते ते मले खरं वाटत नाई."

मी सांगितलं. आधी जिल्हा आणि राज्य. राज्यातून राष्ट्रीय स्पर्धा. तिथे चांगल्या ठरलेल्या मुलींना निवड चाचणीला बोलावतात. चाचणीत आधी एकेकटीचे प्रकार बघतात, मग आठ जणींचा एकत्र कार्यक्रम. कार्यक्रमात आम्ही काय काय करणार, ते अवघडपणाच्या आकड्यांसकट आधी लिहून द्यायचं. लिहून दिलेलं एक जरी चुकलं, एकीचा जरी फेरा अर्धा राहिला, तरी त्या भागाचे सगळ्यांचे गुण तळाला जातात. आठांतल्या सात बरोबर असल्या तरी. पंचांच्या बरोबरीने व्हिडिओ बघणारे वेगळे लोक बसलेले असतात.

"मंजे एकीचा पाय सटकला की आठी जनी गेल्या."

"हो."

"मंग?"

मग समितीने एक आकडा ठरवून दिला होता. तेवढे गुण चाचणीत मिळाले तर संघ आशियाई स्पर्धेला जाणार. पहिल्या दिवशी आम्ही थोडक्यात हुकलो. दुसऱ्या दिवशी मी एक अवघड उडी कमी केली, आणि मुली इतक्या नेमक्या पोहल्या की आकड्याच्या वर गेलो. आठ जणी काठावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. नाकाचे चिमटे तसेच लावलेले, त्यामुळे रडण्याचा आवाज बदकांसारखा येत होता. हे सांगताना तेजल हसली आणि तिने तो आवाज काढून दाखवला.

"अन् ऑलिम्पिकचं?" मामांनी विचारलं. "फ्लेक्सवर टाकलं बबननं."

"ते फार लांब आहे, मामा. एका खंडातून एक संघ थेट जातो. बाकीचे जागतिक स्पर्धेतून. संघ गेला की त्यातली दोघींची जोडी पण जाते."

"आपला खंड कोनता?"

"आशिया."

"मंजे चीन, जपान आपल्यातच?"

"हो."

मामांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनराव बाहेर जीप पुसायला गेले. मग मामा मला म्हणाले, "मंजे चाळनीवर चाळनी हाये. होऊ द्या. पन एक सांगा, चाळनी हातात कोनाच्या राह्यते? पोह्यनाऱ्याच्या का दुसऱ्याच्या?"

मी म्हटलं, "नियम ठरलेले असतात, मामा. लेखी असतात." खात्रीने म्हटलं मी. पुण्यातल्या माणसाला लेखी गोष्टींची फार खात्री असते.

लोणार

लोणारचं सरोवर पाहिल्याशिवाय मला परत पाठवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. म्हणून सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी तेजल आणि मी एसटीने लोणारला गेलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: आकाशातून पडलेल्या दगडाने केलेला हा खड्डा आहे. आपण काठावर उभं राहतो, सपाट शेतं अचानक संपतात, आणि खाली झाडीने वेढलेलं गोल, हिरवट पाणी दिसतं. वाऱ्याला खारट, कुजकट वास येतो. झाडीत हेमाडपंती देवळं आहेत, काही पडलेली, काहींत वटवाघळं. काठाच्या एका बाजूला गोड्या पाण्याची धार बारा महिने पडते, आणि थोडं खाली उतरलं की त्याच गोड पाण्याचं खारं सरोवर होतं. त्यात पोहायला बंदी आहे.

"एवढं पाणी आणि उतरायचं नाही," तेजल म्हणाली. "मॅडम, खाऱ्या पाण्यात पाय आपोआप वर राहतील ना? इथे चाचणी घ्यायला पाहिजे होती."

आम्ही काठावर बसून पेरू खात होतो, तेव्हा माझा फोन वाजला. निवड समितीतल्या एका जबाबदार माणसाचा. त्यांचं नाव देत नाही. दिलं असतं तरी वाचकाला ते अनोळखीच असतं. मी उठून थोडी लांब गेले.

"मॅडम, एक डिसिजन झालाय. टीम इव्हेंट ड्रॉप केलाय. फक्त ड्युएट जाणार."

ड्युएट म्हणजे दोघींची जोडी, आणि तेजल त्या दोघींत नव्हती. मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "कुणाला लागलंय का?"

"नाही, नाही. पदकाची शक्यता नाही अशा प्रकारांना पाठवायचं नाही, असं वरून आलंय."

"पण तुम्ही दिलेला आकडा आम्ही पार केला होता."

"मॅडम, तो आकडा निवडीचा होता. पाठवण्याचा नव्हता. निवड झालीच आहे की मुलींची. ती कुणी काढून घेत नाहीये."

मी म्हटलं की अपील करते. ते म्हणाले की नावं पाठवायची मुदत काल संपली, नावं गेली. मुदत संपल्यावर फोन का केला, असं मी विचारलं. ते म्हणाले, कामाच्या गडबडीत राहिलं. शेवटी मी विचारलं की मग जोडीबरोबर कोण जाणार.

"जोडीचे कोच, मॅनेजर, पथकप्रमुख, आणि आपले दोन पदाधिकारी."

"आठ जणींचा संघ जाणार होता तेव्हाही एवढेच जाणार होते."

"ते तर आधीच ठरलंय ना, मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, लाज नव्हती. रिक्षा मिळत नाही असं सांगावं तसं सांगत होते.

मी परत आले तेव्हा तेजलने माझ्यासाठी पेरूची अर्धी फोड ठेवली होती. मी ती हातात घेतली आणि सांगून टाकलं. थांबून, शब्द जुळवून सांगण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. ती ऐकत राहिली. तिने एकच प्रश्न विचारला.

"आपण त्या दिवशी काही चुकलो होतो का? व्हिडिओत नंतर काही सापडलं?"

"नाही. काहीच चुकलं नव्हतं."

"चुकलं असतं तर बरं होतं," ती म्हणाली.

खाली कुठलीशी सहल उतरत होती, मुलांचा गलका वर येत होता. मग ती उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, बस निघून जाईल." उभी राहिल्यावर पुन्हा म्हणाली, "मॅडम, निवडीचं सर्टिफिकेट तरी चालतं का हो, सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागांना?"

मला माहीत होतं. नुसती निवड चालत नाही. तिथे जाऊन पाण्यात उतरावं लागतं. मी नकारार्थी मान हलवली. ती पुढे चालायला लागली.

पुन्हा सुलतानपूर

घरी अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. कार्यक्रम शाळेच्या पटांगणावर होता, पण आचारी इथेच उतरले होते, आणि रामकिसनभाऊ वांग्यांची पोती मोजून देत होते, त्यांच्याच मळ्यातली. तेजल सरळ त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, मी जाऊन नाई राह्यली."

"कुठी?"

"स्पर्धेले. आमचा संघच नाई जाऊन राह्यला."

त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर ऐकलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पन निवडली होती ना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मंग?"

बबनराव धावत आले. सगळं ऐकून आधी संतापले, मग हिशेबाला लागले. पाहुणे सांगितलेले, बँड सांगितलेला, तालुक्याचे पुढारी येणार, रोडग्यांसाठी गोवऱ्या रचलेल्या. ते म्हणाले, "होऊन जाऊ द्या कार्यक्रम. कोनाले काय समजते? तिनं नुसतं हात जोडून बसावं. मंग आठ दिवसांनी आपन सांगू, तब्येत बिघडली."

"माझी तब्येत काऊन बिघडीन, काका?" तेजल म्हणाली.

"अवं, गावाची इज्जत..."

तेव्हा सुनंदाताई चुलीपासून उठल्या. या तीन दिवसांत मी त्यांना दिराशी मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरीच्या तब्येतीचं नाव घेऊ नका. उद्या तिले पाहाले येतीन तवा हेच बोल फिरतीन, का काय झालं होतं हिले. जे झालं ते झालं. तिनं काई चोरी नाई केली."

कार्यक्रम रद्द करायचा का, यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तेजलच म्हणाली की होऊ द्या, आचारी परत पाठवू नका, लोक जेवतील. मी माझं बोलीन. काय बोलणार ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पटांगण भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पुढे शाळेच्या मुली निळ्या गणवेशात. पुढारी साहेब उशिरा आले आणि त्यांना लवकर जायचं होतं, म्हणून त्यांचं भाषण आधी. ते म्हणाले की या मातीतल्या लेकीने साता समुद्रापार पोहत जाऊन ऑलिम्पिकचं सुवर्णपदक आणावं. पुढे म्हणाले, पोहणं हा आरोग्यासाठी उत्तम व्यायाम आहे. शाल, श्रीफळ, फेटा. मलाही शाल मिळाली. ती अंगावर घेताना मला अंगावर कुणी ओलं पोतं टाकतंय असं वाटलं.

मग तेजल माइकपाशी गेली. मला वाटलं होतं, ती पुण्याच्या भाषेत बोलेल. वक्तृत्वाची बक्षिसं तिला त्याच भाषेत मिळाली आहेत.

"मी तेजल," ती म्हणाली. "मी कुठीच जाऊन नाई राह्यली. आमाले जेवढे मार्क पाह्यजे होते, तेवढे आमी घेतले. जास्तच घेतले. तरी आमचा संघ पाठवून नाई राह्यले. मले काल समजलं. तुमी हार घातले, मले लय चांगलं वाटलं. पन ते ज्याच्यासाठी घातले, ते आता नाई हाये. म्हनून सांगून राह्यली."

फक्त जनरेटर चालू होता. मागून एक म्हातारा उठला आणि मोठ्याने म्हणाला, "मंग आता भांडाचं कोनाशी, बाई?"

त्या क्षणाला काहीतरी होऊ शकलं असतं, असं मला अजून वाटतं. शेकडो माणसं होती आणि सगळ्यांनी नीट ऐकलं होतं. पण पुढारी साहेब उठले. त्यांनी तेजलच्या खांद्यावर हात ठेवून माइक आपल्याकडे घेतला.

"काळजी करू नका! मी आजच्या आज दिल्लीला फोन लावतो! आपली लेक जाणार म्हणजे जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्यांना तो इशारा वाटला आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. शाळेच्या मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. तो म्हातारासुद्धा वाजवत होता. तेजल माइकशिवाय काहीतरी म्हणत होती. मी तिच्या शेजारी उभी असून मला ते ऐकू आलं नाही. साहेबांनी गाडीत बसताना माझ्याकडून नंबर घेतला, मला आपला दिला. पुढच्या तीन दिवसांत मी त्यावर कितीतरी फोन केले. पहिल्या दिवशी 'मीटिंगमध्ये आहेत' असं कुणीतरी म्हणालं. नंतर कुणी उचललाच नाही.

जेवणं मात्र उत्तम झाली. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे फोडून त्यावर तूप, डाळ आणि रामकिसनभाऊंच्या वांग्यांची भाजी. लोक तेजलला भेटायला रांगेने येत होते आणि म्हणत होते, "जाऊन ये वं बाई, साहेबानं सांगतलं ना." पहिल्या काही जणांना तिने पुन्हा समजावून सांगितलं. मग नुसती मान हलवू लागली. शाळेच्या मुलींनी तिला घेरलं, "ताई, हिरीत करून दाखव ना." ती म्हणाली, आज नाही. त्यांनी फारच हट्ट केला तेव्हा तिने आवाज चढवला, "नाई म्हनलं ना!" मुली पांगल्या. आत येऊन तिने दोन रोडगे खाल्ले, फेटा काढला, त्याची नीट घडी केली आणि आईला म्हणाली, "हे सुती हाये. वापराले होईन."

परत

मी निघाले त्या सकाळी रामकिसनभाऊंनी मला मोटारसायकलवर फाट्यावर आणलं. तेजल आली नाही. ती मळ्यात मिरची तोडत होती. शिबिर आता राहिलंच नव्हतं, त्यामुळे तिला माझ्याबरोबर यायचं काही कारणही नव्हतं.

बस येईपर्यंत ते म्हणाले, "म्याडम, पुढच्या खेपीले?"

मी सांगितलं, पुढची आशियाई स्पर्धा चार वर्षांनी. तेव्हा पुन्हा राज्य, पुन्हा राष्ट्रीय, पुन्हा चाचणी. आठांपैकी दोघींची लग्नं ठरताहेत, एक परदेशी शिकायला चालली आहे, म्हणजे नव्या मुली शोधून त्यांना हिच्या बरोबरीला आणावं लागेल.

"अन् पुन्हा आकडा?"

"पुन्हा आकडा."

"तो पार केला मंजे मंग पाठवतीन?"

मी म्हटलं, "माहीत नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. मला वाटलं, निदान माझ्यावर तरी ओरडतील. त्यांच्या मुलीला बाराव्या वर्षी मी नेलं होतं. त्यांनी मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून करा हो याचा ठेचा. तुमाले झोंबते."

पुण्यात आल्यावर मी पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, की संघाच्या कामगिरीचा समितीला अभिमान आहे. जोडी स्पर्धेला गेली. मुली चांगल्या पोहल्या, पदकापासून लांब राहिल्या. पथकाचे फोटो आले. त्यात दोन मुली मधे आणि कोटवाले त्यांच्या दोन्ही बाजूंना होते.

तेजल परत आली नाही. वसतिगृहातलं तिचं सामान मी पार्सलने पाठवलं. काही महिने तिचा फोन नव्हता. मग एका सकाळी आला. पोलीस भरतीची तयारी करते आहे, म्हणाली. मेहकरला एका मैदानावर जाते.

"मॅडम, भरतीत पोहणं नाहीये. आठशे मीटर धावणं आहे, शंभर मीटर आहे आणि गोळाफेक. गोळा मला जमत नाहीये. तिकडे कुणी ओळखीचं आहे का?"

तिची भाषा पुन्हा पुण्याची झाली होती. मी माझ्या माहितीतल्या, अकोल्याच्या एका अ‍ॅथलेटिक्सच्या सरांचा नंबर दिला. ते शनिवारी मेहकरला येतात. संघ, स्पर्धा, निवड, यांतलं काही मी त्यांना सांगितलं नाही; ओळखीची मुलगी आहे, एवढंच म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. चांगलेच खुशीत होते.

"मॅडम, ही पोरगी पाठवली कुठून तुम्ही? गोळा फेकायला शिकेल ती, त्याचं काही नाही. पण आठशे मीटर धावून येते आणि सरळ उभी राहून माझ्याशी बोलते. बाकीच्या पोरी जमिनीवर आडव्या असतात. हिला दमच लागत नाही! आधी काय करायची ही?"